भाच्याचा कॅट

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. अब्बा म्हणायचे, पत्ते म्हणजे जुगाराचा उंबरठा. आणि आम्ही राहायचो कुठे, तर सावंतवाडीत! तिथल्या राजवाड्यात चितारी मंडळी आजही गंजिफा रंगवतात. गोल, लाखेची चकाकी असलेली पाने. दशावतारी संचात दहा रंगांची बारा-बारा मिळून १२०. ती बघायला जायची परवानगी होती, हातात घ्यायची नव्हती. अशा घरातला मी, पन्नाशीला टेकल्यावर एका शनिवारी पाच तास पत्त्यांच्या टेबलाशेजारी बसलो, आणि तेही आपाच्या सांगण्यावरून.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळ रेन्टन गावी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेलो होतो. तिचा सतरा वर्षांचा मुलगा सुट्टीत किराणा दुकानात काम करायचा आणि मिळालेला बहुतेक पैसा पत्त्यांवर घालवायचा. त्यावरून मायलेकांचं बोलणं बंद झालेलं. आपा मला म्हणाली, "उद्या त्याची स्पर्धा आहे. तू सोबत जा, नीट बघ, आणि मला एवढंच सांग, हा जुगार आहे की नाही. तू नाही म्हणालास तर मी गप्प बसेन. हो म्हणालास तर ते सगळे पत्ते घराबाहेर."

आली का पंचाईत! मामू म्हणून गेलो होतो, काजी होऊन बसलो.

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या प्राध्यापकाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. काढणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालय याच रेन्टनमध्ये. यात सगळ्यांना सारखे पत्ते वाटत नाहीत. हजारो वेगवेगळ्या पानांमधून ज्याने त्याने आपला साठ पानांचा कॅट घरीच जुळवून आणायचा. मुलं त्याला 'डेक' म्हणतात. काही पानं जमिनीची असतात : माळ, बेट, दलदल, डोंगर, जंगल. एका डावात एकच जमीन मांडता येते, आणि जमिनीच्या बळावरच बाकीची पानं खेळता येतात. समोरच्याचे वीस प्राण संपवले की जिंकलात.

घोळ आहे तो जमिनीत. साठांत चोवीस जमिनी ठेवल्या, तरी पहिल्या सात पानांत एकही जमीन न येणं किंवा एकच येणं, याची शक्यता शेकडा चौदाच्या आसपास पडते. म्हणजे दर सात हातांमागे एक हात असा, की बसा नुसते समोरच्याचा खेळ बघत. हे झालं साध्या कॅटचं. भाच्याचा कॅट तीन रंगांचा, आणि सगळा एका ड्रॅगनभोवती बांधलेला. निकोल बोलस त्याचं नाव. त्याला मांडायला पाच जमिनी लागतात : एक निळी, तीन काळ्या, एक लाल. नुसत्या पाच येऊन भागत नाही, याच पाच यायला हव्यात. दोन रंगांचं काम देणाऱ्या दुरंगी जमिनी असतात, त्या असल्या की कॅट बराच भरवशाचा होतो. पण त्या महाग. भाच्याला चारच परवडल्या होत्या.

"मग एका रंगाचा कॅट का नाही जुळवत?" मी बसमध्ये विचारलं. तो म्हणाला, "मामू, मग तो सगळ्यांच्या कॅटसारखाच होईल." यावर काय बोलणार? कविसंमेलनात हमखास टाळ्या घेणारी एक कविता खिशात असते, आणि तरी आपण दुसरीच वाचतो, जी चारांत एकदा लोकांपर्यंत पोहोचते. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

बसमध्येच त्याने मला २००६ सालच्या होनोलुलूच्या स्पर्धेची गोष्ट सांगितली. उपांत्य फेरीत क्रेग जोन्स हा इंग्लंडचा खेळाडू पुढच्या डावात हरणार हे उघड होतं. समोर ऑलिव्हिए रुएल. जोन्सने हातातलं शेवटचं अस्त्र बचावाला न वापरता थेट रुएलवर टाकलं, आणि पुढचं पान ओढलं ते नेमकं हवं तेच निघालं. या खेळातल्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ असते. माझ्या मते तिने बरीच पोरं बिघडवली असावीत. पान आलं एवढंच ती सांगतात. ते आलं तर उपयोगी पडावं म्हणून आधीचं अस्त्र कुठे टाकायचं हे त्या माणसाने ठरवलं होतं, ते विसरतात. आणि अंतिम सामना तो हरला, हेही.

स्पर्धा एका दुकानाच्या मागच्या खोलीत होती. बुद्धिबळासारखी स्विस पद्धत, पाच फेऱ्या, प्रत्येकी पन्नास मिनिटं. पहिल्या फेरीत भाच्याच्या हातात दोन लाल जमिनी आल्या, बाकी सगळी काळी पानं. तो हात त्याने ठेवला. काळी जमीन आलीच नाही. चिडून पानं आपटेल असं मला वाटलं, पण तो समोरच्याशी हात मिळवून मला म्हणाला, "माझी चूक. तो हात ठेवायला नको होता." दुसरी फेरी जिंकला, तिसरी हरला.

चौथी फेरी मात्र बघण्यासारखी झाली. शेवटच्या, निर्णायक खेळात त्याने पहिला हात परत केला, दुसराही परत केला. तेव्हाच्या नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी सात पानं नव्याने मिळतात, पण जितक्यांदा परत कराल तितकी पानं कॅटच्या तळाशी घालावी लागतात. त्याच्याकडे उरली पाच. त्यांतली दोन जपून, एकेक प्राण वाचवत तो पाचव्या जमिनीपर्यंत पोहोचला, आणि ड्रॅगन आला. मी टाळ्या वाजवल्या. खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. तिथे टाळ्या वाजवत नाहीत म्हणे.

पाचवी फेरी एका कॉलेजच्या मुलीशी. तिचा कॅट एकाच लाल रंगाचा, भरधाव, काटेकोर. भाच्याच्या हातात ड्रॅगन, खाली चार जमिनी. एक काळी हवी होती. ती यायच्या आत खेळ संपला. अशा वेळी वरचं पान उलटून बघण्याची सगळ्यांना सवय असते. त्याने नाही बघितलं. मला फार बघावंसं वाटत होतं.

पाचांत दोन विजय. बक्षीस काहीच नाही. निघताना त्याची नजर काउंटरवरच्या बंद पाकिटांवर गेली. तेव्हा एका पाकिटात पंधरा पानं असायची. त्यांत दुर्मिळ पान सहसा एकच असायचं, आणि ते कोणतं ते फोडेपर्यंत कळायचं नाही. त्याने दोन घेतली. तिथेच उभ्या उभ्या फाडली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा हात थरथरताना मी पाहिला.

घरी आपा वाट बघत होती. मी म्हणालो, "खेळात जुगार नाही. पाकिटांत आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलाकडे वळून म्हणाली, "हवं ते पान सुटं मिळतं का?" तो म्हणाला, "मिळतं. महाग असतं." "मग सुटं घे. पाकिटं बंद."

जेवण झाल्यावर त्याने गालिच्यावर साठच्या साठ पानं मांडली. एक जमीन वाढवायची होती, म्हणून एक पान काढावं लागणार होतं. "मामू, कोणतं काढू?" मी ड्रॅगनकडे बोट दाखवलं. तो हसला, आणि त्याने शेजारचं पान उचललं.