पैसा माझा, निर्णय कोणाचा?



पंचवीस वर्षं नोकरी केली, पण पगारातली बचत कुठे जाते हे मी कधी विचारलं नाही. शेअर बाजारातला म्युच्युअल फंड माझ्या नावावर, खात्याला जोडलेला मोबाइल मात्र नवऱ्याचा. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. त्याच आठवड्यात त्यांनी घाबरून माझे सगळे युनिट विकले. मला कळलं महिन्याने. नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा ४२ हजारांवर गेला. माझा तोटा मात्र पक्का झाला होता.

नवरा वाईट नाही. पण माझ्या कष्टाच्या पैशाचा निर्णय मला न विचारता झाला. हे फक्त माझ्या घरात घडतं का?

म्हणून तीन गोष्टी सांगते. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, स्वतःच्या खात्यात ठेवा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पाच-सात वर्षं लागणार नाहीत, तेवढेच पैसे बाजारात घाला. आणि मोबाइल नंबर, पासवर्ड, सही आपल्याच हातात ठेवा.

बाजार वर-खाली होणारच. विकायचं की थांबायचं, हे आपलं आपण ठरवू या.