जुन्या मालमोटारीचें इंजिन बांधतांना

पैठणास आगगाडी नाहीं. गोदावरीच्या खोऱ्यांतील लोहमार्ग 1900 च्या सुमारास औरंगाबादेवरून गेला. पण तेथून पैठणापर्यंतचे सुमारें 50 किलोमीटर बैलगाडीच्या चाकांनींच मोजावे लागत. हें अंतर पुढें जवळ आणलें तें मालमोटारीनें.

त्या काळच्या मालमोटारीचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. कारखान्यांतून येई तो बहुधा नुसता सांगाडा. जनरल मोटर्स कंपनीनें 1928 सालीं मुंबईस शिवडी येथें जोडणीचा कारखाना काढला, आणि शेव्हरोलेट हें नांव आडवळणाच्या गांवींही माहीत झालें. चाकें, इंजिन व सुकाणूचें चाक एवढें कंपनीचें. वरचें घर गांवच्या सुतारानें उभें करावयाचें. कोणी कडब्यासाठीं उंच कठडे घाली, कोणी बाजारकऱ्यांसाठीं बाकें बसवी. म्हणून एकाच सालच्या दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या, तरी त्या सख्ख्या बहिणी वाटत नसत.

आज अशी एखादी गाडी वाड्याच्या पडवींत सांपडते, तेव्हां तिचें लाकूडकाम अर्धेंमुर्धें शाबूत असतें. इंजिन मात्र जाम झालेलें असतें. मालकास पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला: जुनें उपटून टाका, डिझेल बसवा. हा सल्ला वेडगळ नाहीं. मद्रासच्या सिंप्सन कंपनीचें पर्किन्स पी-6 हें डिझेल इंजिन मिळूं लागल्यावर पुष्कळ मालकांनीं तेंच केलें, आणि पोटापाण्याच्या दृष्टीनें तें बरोबरच होतें. परंतु जतन करण्यासाठीं राखलेल्या गाडीचा हिशेब निराळा. केंद्र सरकारनें 2021 सालीं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं जे नियम केले, त्यांत सांगाडा, वरचें घर आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. मालमोटार त्या नियमांच्या चौकटींत बसो वा न बसो, अटीमागील विचार तिलाही लागू पडतो. इंजिन बदललें कीं उरतें तें जुन्या लाकडाचें नवें वाहन.

मग जुनें इंजिन बांधावयाचें म्हणजे काय करावयाचें? 1937 ते 1953 या काळांतील शेव्हरोलेटचें सहा सिलिंडरांचें इंजिन उदाहरणादाखल घ्यावें. बोअर साडेतीन इंच, पिस्टनची धांव पावणेचार इंच, मिळून 216 घन इंच. पिस्टन ओतीव लोखंडाचे. दिसावयास साधें, आणि एका बाबतींत फार नाजूक. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडांत सुटें बेअरिंग नाहीं. तेथें व्हाइट मेटल थेट ओतलेलें असतें. शिवाय त्या तोंडाला तेल दाबानें मिळत नाहीं. रॉडच्या टोपीला एक लहान पळी असते. इंजिन हळू फिरतांना ती चेंबरमधील पन्हळींत बुडून तेल उचलते. वेग वाढला कीं नळीच्या टोंकांतून उडणारी तेलाची धार तिच्यावर आदळते. बहुतेक अनर्थाचें मूळ येथें आहे. तेल थोडें कमी पडलें, भार थोडा जास्त झाला, कीं व्हाइट मेटल वितळून वाहतें आणि इंजिन ठोके देऊं लागतें.

जाम इंजिनास हँडल मारून झोंबणें हा अडाणीपणा होय. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत रॉकेल व पातळ तेल यांचें मिश्रण घालावें आणि कांहीं दिवस वाट पाहावी. उघडतांना रॉड, त्याची टोपी आणि मधल्या पातळ चकत्या यांची जोडी मोडूं नये. खुणा न करतां सारें एकाच घमेल्यांत टाकणारा मिस्त्री पुढें आठवडा वाया घालवितो. नंतर ब्लॉक धुवून त्यास रॉकेल लावावें, कोरडा पुसावा आणि खडूची पूड भुरभुरावी. चीर असेल तर रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मराठवाड्यांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. रेडिएटरांत तेंच वर्षानुवर्षें ओतलें गेल्यानें आंत क्षारांचा थर बसतो, इंजिन तापतें आणि हेड तडकतें. थर काढल्यावांचून पुढें जाऊं नये.

मोजमापाला पर्याय नाहीं. सिलिंडर वरच्या अंगास जास्त झिजतो, आणि तोही लंबगोल. म्हणून वर, मध्यें, खालीं, उभें व आडवें असें मोजावें. झीज दहा हजारांश इंचाच्या पुढें गेली असेल तर बोअर करून मोठे पिस्टन घालणें बरें. बोअर वाढवावयास जागा उरली नसेल तर स्लीव्ह बसवावी. क्रँकशाफ्टची घासाई छत्रपती संभाजीनगरासारख्या कारखान्यांच्या शहरांत होऊं शकते. ओतकाम जाणणारा हात मात्र दुर्मिळ झाला आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालीं निघाली. तशा इंजिनांवर, विहिरींच्या कांठीं, शिकलेले कांहीं जुने मिस्त्री अजून भेटतात, व त्यांना विचारणें हा शहाणपणा.

कथील, अँटिमनी व तांबें यांचा हा मिश्रधातु आयझॅक बॅबिट यानें काढला; त्याचें पेटंट 1839 सालचें. रॉडचें तोंड आधीं स्वच्छ करून त्यास कल्हई लावतात, मग तें आणि मधला साचा दोन्ही तापवून धातु एकाच धारेंत ओततात. धार तुटली तर थर पडतात. थंड झाल्यावर टिचकी मारावी: खणखणीत आवाज आला तर धातु चिकटला, बद्द आला तर ओतकाम पुन्हां. त्यानंतर बोअर करून, शाफ्टला निळा रंग लावून, टेकणाऱ्या जागा पात्यानें थोड्याथोड्या खरडतात. हें ओतकाम करणारा कोणीच न मिळाल्यास रॉडमध्यें सुटें बेअरिंग बसवून घेणें पाप नव्हे; पण तशी नोंद गाडीच्या वहींत लिहून ठेवावी.

यापुढची गोष्ट अनेक जण विसरतात. पन्हळींची उंची आणि तेलाच्या नळ्यांचा रोख जुळविण्यासाठीं कंपनीचीं निराळीं मापें असत. पन्हळ जराशी वांकली, नळीचा रोख केसभर हुकला, तर महिनाभर खपून ओतलेलें व्हाइट मेटल एका दुपारीं संपतें. चेंबर चढविण्यापूर्वीं शाफ्ट हातानें फिरवून सहाही पळ्या पन्हळींतून नीट जातात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. त्यास दहा मिनिटें लागतात.

इंजिन सुरू झाल्यावर गाडी लगेच ओझ्याला लावूं नये. पैठणहून बिडकीनकडे जाणारा रस्ता सकाळच्या थंडाव्यांत रिकाम्या गाडीनें, ताशीं पंचवीस मैलांच्या आंत, चालविण्यास चांगला. इंजिन गरम असतांना हेडचे नट पुन्हां आवळावे, आणि पांचशें मैलांनंतर चेंबर उतरवून तळाचें तेल पांढऱ्या फडक्यावर गाळावें. फडक्यावर रुपेरी कण दिसले तर ज्या रॉडचें तोंड सैल लागेल त्याची टोपी त्याच दिवशीं उघडावी. न दिसल्यास ताजें तेल भरून चेंबर पुन्हां चढवावें.