अमेरिकेतील लहान महाविद्यालये आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. नववी ते बारावीला इंग्रजी शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेहून आलेली दोन पत्रे घेऊन माझ्याकडे आली. एक पत्र नावाजलेल्या मोठ्या विद्यापीठाचे होते. प्रवेश होता, पण मदत एका पैशाची नव्हती. दुसरे एका लहान खाजगी महाविद्यालयाचे होते. त्याचे नाव आमच्या मोहल्ल्यात कोणी ऐकले नव्हते. परंतु शिकण्याचा, राहण्याचा व जेवणाचा बहुतेक खर्च ते उचलणार होते. आखातात नोकरी करणाऱ्या तिच्या वडिलांनी मला फोनवर विचारले, "सर, ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा कॉलेजात पोरीला इतक्या लांब कशाला पाठवू?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

या संस्थांना तिकडे लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. 'आर्ट्स' हा शब्द ऐकून आपण कला शाखा समजतो आणि तोंड फिरवतो. तसे नाही. तेथे गणित, रसायन, संगणक, अर्थशास्त्र, इतिहास हे सारेच शिकवतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवावा लागतो. दहावीच्या निकालादिवशीच आयुष्याची शाखा ठरवणाऱ्या आपल्या मुलांना ही केवढी सवलत आहे! विद्यार्थी थोडे, बहुधा एक ते तीन हजार. पदव्युत्तर वर्ग जवळजवळ नसल्यामुळे प्राध्यापक स्वतः शिकवतात, आणि प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली काम करण्याची संधी पदवीच्या मुलांनाच मिळते. वर्गात पंधरा-वीस मुले असली की मागच्या बाकावर लपायला जागा उरत नाही.

नावाचे म्हणाल, तर दोन उदाहरणे सांगतो. जपानचा नीजिमा जो हा तरुण १८६४ साली मायदेशातून गुपचूप निघाला आणि १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील अॅमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाला. परत जाऊन त्याने १८७५ मध्ये क्योटोला दोशिशा ही शाळा काढली. आज ते मोठे विद्यापीठ आहे. घानाचे कोफी अन्नान १९६१ मध्ये मिनेसोटातील मॅकॅलेस्टर कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले. मुलींच्या पालकांनी हेही ऐकावे की माउंट होलिओक, स्मिथ, ब्रिन मॉर ही स्त्रियांसाठी स्थापन झालेली महाविद्यालये आहेत. पैकी माउंट होलिओक १८३७ पासून चालू आहे.

आता पैशाची गोष्ट. अशा अनेक महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. हा आकडा पाहूनच पालक अर्ज फाडतात. पण छापील आकडा वेगळा आणि आपल्याला द्यावा लागणारा वेगळा. पुष्कळ महाविद्यालये कुटुंबाचे उत्पन्न पाहून अनुदान देतात, आणि अनुदान परत करायचे नसते. अॅमहर्स्ट, तसेच २०२२ पासून बोडन, परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना त्यांची ऐपत पाहत नाहीत. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागणाऱ्या परदेशी मुलाची स्पर्धा अधिक कठीण होते. म्हणून काहीजण गरज लपवतात आणि नंतर मागू म्हणतात. ही चूक करू नका. बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागताच येत नाही. केंटकीतील बेरिया कॉलेज तर कोणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही. त्याच्या बदल्यात प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास संस्थेत काम करावे लागते.

पत्र हाती आले की कागद-पेन्सिल घ्या. एकूण खर्चातून फक्त अनुदान वजा करा. कर्ज ही मदत नव्हे, तिला त्या रकान्यात धरू नका. व्याजाच्या कर्जाबद्दल आपल्यापैकी अनेकांच्या मनात संकोच असतो, आणि तो नसला तरी आईचे दागिने व घराची कागदपत्रे गहाण ठेवून मिळालेले नाव फार महाग पडते. विमानभाडे, आरोग्य विमा व थंडीचे कपडेही हिशेबात धरा.

लहान म्हणजे चांगलेच, असेही मी म्हणत नाही. न्यूयॉर्क राज्यातील वेल्स कॉलेज १८६८ साली स्थापन झाले आणि २०२४ मध्ये पैशाअभावी बंद पडले. मुलांना दुसरीकडे जागा शोधाव्या लागल्या. म्हणून संस्थेची आर्थिक स्थिती, किती मुले चार वर्षांत पदवी घेतात, सुट्टीत वसतिगृह उघडे असते का, हलाल जेवणाची सोय आहे का, हे सारे पत्राने विचारा. विचारण्यात लाज नाही.

विद्यार्थी मित्रहो, तयारी नववीपासून करा. ते चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात. आपण दहावी-बारावीच्या जपतो आणि नववी-अकरावीच्या हरवतो. बरीच महाविद्यालये एकच सामाईक अर्ज घेतात. तो १ ऑगस्टला खुला होतो. नेहमीच्या अर्जाची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीस संपते. नोव्हेंबरात एक 'अर्ली डिसीजन' असतो. त्यात प्रवेश मिळाला तर येऊच असा शब्द द्यावा लागतो. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येते, पण दोन पत्रांची तुलना करण्याची संधी राहत नाही. निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. तो विकत घेऊ नका, माझ्याकडूनही लिहून घेऊ नका. वडिलांच्या दुकानाचा हिशेब तुम्ही ठेवत असाल तर तेच लिहा.

आम्हा शिक्षकांचीही एक चूक कबूल करतो. त्या मुलीसाठी मी पहिले शिफारसपत्र पाच ओळींत लिहिले: मुलगी हुशार, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे. तिने ते वाचले आणि हळूच म्हणाली, "सर, हे तर वर्गातल्या कोणाबद्दलही चालेल." मी खजील झालो. इतकी वर्षे शिकवलेल्या मुलीने वर्गात कोणते प्रश्न विचारले, हे मला रात्रभर बसून आठवावे लागले. दुसरे पत्र दोन पानांचे झाले.

ती लहान महाविद्यालयात गेली. आज ती तिसऱ्या वर्षात आहे आणि रसायनशास्त्रासोबत इतिहासही शिकते. पहिल्या महिन्यात तिने वडिलांना कळवले, "अब्बा, इथे सगळ्या प्राध्यापकांना माझे नाव ठाऊक आहे." वडिलांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. कॉलेजचे नाव आपल्या मोहल्ल्याला ठाऊक नसले तरी चालेल. आपल्या मुलीचे नाव त्या कॉलेजला ठाऊक असले पाहिजे.