छतातले चपटे दिवे

घराचं फॉल्स सिलिंग पुरं होत आलं की वायरमन विचारतो, “दिवे कुठले आणू?” आपण म्हणतो, “आणा चांगलेसे.” मग येतात ते छतात बसणारे चपटे, गोल दिवे. दिसायला सुरेख, यात वाद नाही. पण महाड-पोलादपुराकडे राहणाऱ्यानं आधी एक प्रश्न विचारावा : त्या सिलिंगच्या वर काय आहे?

आपल्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. कौलारू घर असेल आणि वानरांनी एखादं कौल सरकवलं, तर पूर्वी थेंब जमिनीवर पडे. खाली पातेलं ठेवलं की भागत असे. आता तो सिलिंगवर पडून तिथंच मुरतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. नेमका त्याच अंधाऱ्या पोकळीत दिव्याचा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज एलईडीला सोसेल अशी करून देणारी डबी. दिवा गेला असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ही डबीच गेलेली असते. तेव्हा गळती आधी काढावी, एक पावसाळा पाहावा, मगच सिलिंगला भोकं पाडावीत. तारा पाइपातून न्याव्यात, कारण उंदीर वरही असतात. जोड नुसते टेपनं गुंडाळू नयेत, डबीत बंद करावेत. आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. ओलाव्यातून वीज झिरपू लागली की ती पुरवठा तोडते.

पुराचाही विचार करायला हवा. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं, ते कोण विसरेल? दोन मजली घर असेल तर खालच्या आणि वरच्या दिव्यांचे एमसीबी वेगळे घ्या, बोर्ड शक्य तितका उंच बसवा. म्हणजे पाणी यायच्या आत खालची वीज तोडून माडीवर उजेड ठेवता येतो. पाणी मीटरकडे चढू लागलं तर मात्र कोरड्यात उभं राहून मेन स्विचच बंद करायचा. भिजलेलं वायरिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

आता निवड. खोक्यावर मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहा. ‘आर’ या अक्षरानं तो सुरू होतो. दहा बाय बाराच्या खोलीला ८ वॉटचे ४ दिवे पुरतात. ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड दुकानाला ठीक. माजघरात ३००० किंवा ४००० बरा. स्वयंपाकघरात दिवा खोलीच्या मध्यभागी नको. ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईची सावली तिच्याच पोळीवर पडते! तो ओट्याच्या कडेवर घ्या. न्हाणीघरासाठी आयपी ४४ किंवा त्याहून वरचा दिवा मागा.

खोक्यावर मापं दोन असतात, एक दिव्याच्या कडेचं आणि एक भोकाचं. आमच्याकडे कारागिरानं कडेच्या मापानं भोक पाडलं आणि दिवा अलगद त्याच्या हातात परत आला. भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही. शिवाय दर कंपनीचं माप निराळं. म्हणून त्याच जातीचे दोन दिवे जास्तीचे घ्या आणि भोकाचं माप खडूनं नव्हे, पेनानं, बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.