उनागी आणि आपली चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलाकडे टोकियोला तीन महिने राहून आले, म्हणून तिकडच्या खाण्यापिण्याविषयी मी काही सांगावे असा आपण आग्रह धरलात. सगळेच सांगू म्हटले तर वेळ पुरायचा नाही. तेव्हा एकाच पदार्थाविषयी बोलते. माळकरी भगिनींनी राग मानू नये, कारण पदार्थ माशाचा आहे.

आपल्या वारणेत भोयांच्या जाळ्यात वाम सापडते. तशाच सापासारख्या लांबट माशाला जपानात 'उनागी' म्हणतात. रूप सारखे, पण कूळ वेगळे. हा एकच मासा भाजून वाढणारी खास दुकाने तिथे आहेत. चांगल्या दुकानात गिऱ्हाइकाने सांगितल्यावर मासा चिरायला घेतात. त्यामुळे अर्धा-पाऊण तास बसावे लागते. पण कोणी कुरकुरत नाही.

टोकियोकडे मासा पाठीकडून चिरतात, काड्यांवर ओवून भाजतात, मग वाफवतात, आणि सोयाबीनच्या खारट-गोड दाट रसात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. ओसाकाकडे पोटाकडून चिरतात व वाफवीत नाहीत. आपलेच खरे, असे दोन्हीकडचे लोक म्हणतात! तो रस कधी संपू देत नाहीत. आपण विरजण राखतो तसे जुन्यात नवे घालीत जातात. लाखेच्या डब्यात गरम भात, त्यावर मासा, आणि वर 'सान्शो' नावाची पूड. ही सान्शो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीणच. वास येताच मला बांगड्याची आमटी आठवली. आपण आखाडात मटणाचा बेत करतो, तसा तिकडे ऐन उन्हाळ्यात 'बैलाचा दिवस' म्हणून उनागी खाण्याचा दिवस असतो.

पण मला सांगायचे आहे ते पुढेच. तिथे एक म्हण आहे : काडीवर ओवायला तीन वर्षे, चिरायला आठ वर्षे, आणि भाजायला सारा जन्म. भट्टीपुढे पंखा हलवीत उभा असणारा माणूस, आणि तो बहुतेक पुरुषच असतो, मोठा कारागीर मानला जातो. त्याची विद्या शिकायला माणसे वर्षानुवर्षे राबतात. भगिनींनो, आपल्या कोडोलीत चुलीपुढे सारा जन्म घालवलेल्या बाया घरोघरी आहेत. भाकरी कधी उलटावी, तांबड्या रश्श्याचा कट कसा यावा, हे त्यांच्या बोटांना कळते. त्यांना कारागीर कोण म्हणतो? 'बाईमाणसाचे कामच ते', एवढ्यावर आपण सोडून देतो. आणि आपणही तसेच म्हणतो, हे जास्त वाईट.

दुसरी गोष्ट त्या माशाची. उनागी जन्मतो दूर मारियाना बेटांजवळच्या समुद्रात, वाढतो नद्यांत. तळ्यांत पाळतात, पण पिल्ले मात्र समुद्रातून आलेलीच पकडावी लागतात. 2010 साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत त्याची पिढी वाढवली, तरी तळ्यांची मदार अजून बहुतांशी समुद्रावरच आहे. 2014 साली हा मासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. म्हणजे विद्या शाबूत आहे आणि मासा सरत चालला आहे. आपल्याकडे जिन्नस आहेत, पण विद्या म्हाताऱ्या हातांबरोबर चालली आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या सासूकडून, आईकडून किंवा शेजारच्या आजीकडून एक पदार्थ विचारून लिहून आणावा. नुसते तिखट-मीठ नको; जाळ किती, वास कसा यावा, कधी उतरावे, तेही लिहावे. आणि वर त्या बाईचे नाव घालावे. ती वही मंडळाच्या कपाटात राहील. लिहिता न येणाऱ्या आजींचे आपण लिहून घेऊ.