कल्पित राज्यांचा खजिना कोण भरतो?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अद्भुतरम्य कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असे समजून चळवळीतील माणसे त्यांच्याकडे पाठ फिरवतात. परंतु असंख्य तरुण वाचकांच्या मनात राजा, प्रजा आणि सत्ता यांची चित्रे याच पुस्तकांतून ठसतात. म्हणूनच या कल्पित राज्यांचा जमाखर्च तपासणे अगत्याचे आहे.

ही राज्ये शून्यातून निर्माण होत नाहीत. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील गोंडोरला उतरती कळा लागलेली आहे. त्याची तुलना खुद्द लेखकानेच बायझंटाइन साम्राज्याशी केली होती. जॉर्ज मार्टिन यांची कादंबरीमाला १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील घराण्यांच्या वैरामागे १४५५ ते १४८७ या काळातील यॉर्क आणि लँकेस्टर या इंग्लंडमधील घराण्यांची यादवी आहे. आणि उत्तरेच्या भिंतीची कल्पना त्यांना सुचली ती रोमन सम्राट हेड्रियनची भिंत पाहून.

इतिहासातून काय घेतले हे सांगणे सोपे आहे. काय वगळले हे पाहणे अधिक महत्त्वाचे. हेड्रियनच्या भिंतीचे काम इ. स. १२२ च्या सुमारास सुरू झाले. लांबी सुमारे ११७ किलोमीटर. ती रोमन सैनिकांनी स्वतः बांधली, आणि कोणत्या तुकडीने कोणता भाग उभारला हे सांगणारे कोरीव दगड आजही पाहावयास मिळतात. कादंबरीतील भिंत मात्र सातशे फूट उंच आणि बर्फाची. तिचे श्रेय तेथील दंतकथा ब्रँडन नावाच्या एका आद्य पुरुषाला आणि मंत्रसामर्थ्याला देते. दगड घडविणारे हात मागे पडले, मंत्र तेवढा उरला.

मिथकही निरुपद्रवी नसते. खरा राजा परत येईल आणि प्रजेचे दैन्य फिटेल, ही आर्थरच्या कथेशी जडलेली श्रद्धा. सातव्या हेन्रीने १४८५ साली बॉस्वर्थच्या रणांगणावर गादी मिळविली. त्याचा वंशपरंपरागत हक्क दुबळाच होता. पुढच्याच वर्षी जन्मलेल्या पहिल्या मुलाचे नाव त्याने आर्थर ठेवले. तलवारीने मिळविलेल्या सत्तेवर असा मिथकाचा शिक्का उमटला. टॉल्किन यांचा अरॅगॉर्नही असाच परत आलेला वारस. त्याचे करविषयक धोरण काय होते, असा मिस्कील प्रश्न मार्टिन यांनीच २०१४ मधील एका मुलाखतीत विचारला. प्रश्न मिस्कील खरा, पण राज्याच्या अर्थकारणाचा गाभा त्यातच आहे.

इतिहासाने त्याचे उत्तर दिलेले आहे. इ. स. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे उठाव झाला, तेव्हा जाचक करवसुलीमुळे बदनाम झालेल्या कपाडोशियाच्या जॉनला काढून टाका, अशी मागणी जमावाने केली. सम्राट जस्टिनियनने त्याला दूर केले. पण उठाव सैन्याकरवी चिरडला. तीस हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. जॉन थोड्याच अवधीत पुन्हा पदावर आला. त्याच वर्षी हागिया सोफियाचे काम सुरू झाले आणि ५३७ मध्ये तो भव्य घुमट पुरा झाला. घुमटाचे तेज सर्वांना दिसते. त्याखालची वसुली दिसत नाही.

गोष्टीत कराची कोष्टके कशाला, असे कोणी विचारील. कोष्टके नकोतच, परंतु श्रमणाऱ्याच्या नजरेने राज्य पाहता येते. गाय गॅव्हरियल के यांनी १९९८ साली याच जस्टिनियनकालीन नगरीवरून आपले सॅरँटियम रचले, आणि कथेचा नायक केला तो रंगीत तुकडे जडवून चित्रे घडविणारा एक कारागीर.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरीही एक कल्पित राज्य आहे. दिवाळीत बळीचे राज्य पुन्हा यावे असे मागणे मागितले जाते, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीची कथा जितांच्या बाजूने नव्याने मांडली. त्या राज्याची ओळख किल्ल्यांनी नव्हे, पिकाने आणि न्यायाने पटते. तरीही तेथेही वाट पाहिली जाते ती एका राजाचीच. राजा परतण्याची वाट न पाहता प्रजेने स्वतःच चालविलेले राज्य कथेत रंगविणे, हे काम अजून पुष्कळसे बाकी आहे. ते कथाकारांचे आहे, तितकेच वाचकांचेही.