पोट भरते, पण पोषण होते काय?

(महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



आपल्याकडे पाहुण्याला ‘भाकरतुकडा खाऊन जा’ असे म्हणतात. देशावर भाकरी आणि कोकणात भात हे शब्द जेवणाच्याच अर्थाने रूढ झाले आहेत. भाकरी, भात, पोळी, पोहे या सर्वांत विपुल असणारा घटक म्हणजे पिष्टमय पदार्थ. आज मला त्यांच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून वनस्पती साखर तयार करते आणि पुढच्या पिढीच्या अंकुरासाठी ती दाण्यात किंवा कंदात साठविते. हा साठा म्हणजेच पिष्ट. साखरेचे असंख्य कण माळेसारखे गुंफले की पिष्ट होते. भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिल्यास तो किंचित गोड लागू लागतो. लाळेतील विकर ही माळ तोडू लागते, त्याची ती खूण होय. पुढे आतड्यात या पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात मिसळते. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. शेतात राबणारे स्नायू आणि अभ्यास करणारा मेंदू यांना हेच इंधन लागते.

आपल्या गृहिणींना या पिष्टाचे गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते, ज्वारीत ते नसते. म्हणून ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळतात. उष्णतेने पिष्टाचे कण फुगून चिकट होतात आणि भाकरी न मोडता थापता येते.

मग प्रश्न कोठे निर्माण होतो? दाण्याचे वरचे आवरण आपण काढून टाकतो, तेथे. १०० ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमहून कमी. तितक्याच ज्वारीत कर्बोदके सुमारे ६८ ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ सुमारे १० ग्रॅम असतात. बाजरीत हे तंतू ११ ग्रॅमच्या वर जातात. तंतूंमुळे पचन सावकाश होते आणि रक्तातील साखर एकदम चढत नाही. मैद्यात कोंडा उरत नाही, म्हणून मैद्याचे पाव-बिस्किट खाल्ल्यावर ती लवकर चढते.

उपवासाच्या साबुदाण्याचेही असेच आहे. तो टॅपिओकाच्या कंदातील सत्त्वापासून बनतो. ते जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, प्रथिने नाममात्र. खिचडीत शेंगदाण्याचे कूट पडते, म्हणून थोडी भरपाई होते. राजगिरा हा उपवासाचाच, पण अधिक पौष्टिक पर्याय आहे. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये. साखर एकाएकी खाली जाणे हेही जिवावर बेतू शकते.

१९७२ च्या दुष्काळात प्रत्येकाच्या पोटात धान्य कसे जाईल, ही चिंता होती. दुष्काळी कामांवर सुकडी वाटण्यात आली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. आज चिंतेचे स्वरूप बदलले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत. त्याच २०२३ सालास संयुक्त राष्ट्रांनी, भारताच्या प्रस्तावावरून, आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक तृणधान्यांतून येऊ नयेत. आपल्या अनेक घरांत मात्र ताटाचा बराचसा भाग धान्यानेच व्यापलेला असतो.

याचा अर्थ भात-भाकरी वर्ज्य करावी, असा कोणी घेऊ नये. दोष पिष्टाचा नाही. ते एकटेच ताटात येते, हे खरे दुखणे आहे. आणि हे दुखणे सर्वाधिक भोगावे लागते ते घरच्या स्त्रीला. सर्वांची पाने उरकल्यावर ती जेवावयास बसते, तेव्हा वरणाचे भांडे रिकामे झालेले असते. मग ती उरलेला भात किंवा भाकरी चटणीशी खाऊन उठते. तिचे पोट भरते, परंतु रक्त वाढत नाही. लहान मुलाचेही तसेच. पातळ पेज पाजली की ते रडावयाचे थांबते, म्हणून त्याचे पोषण झाले असे मानता येत नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. भातात मूठभर डाळ घालून खिचडी करावी. कोंडा चाळून फेकू नये. आठवड्यातून काही दिवस ज्वारी, बाजरी किंवा नाचणी आवर्जून रांधावी. मटकी-मूग मोड आणून वापरावेत, पालेभाजी रोज असावी. ऐपत असेल तेथे दूध किंवा अंडे जोडावे. आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी, एकाच पंक्तीस बसावे, म्हणजे वरण सर्वांना पुरते की नाही हे सर्वांच्याच डोळ्यांना दिसेल.

अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ते पूर्णत्व घरातील प्रत्येकाच्या ताटात उतरावे, एवढीच विनंती.